धावून राहिली

कोकणात समुद्राच्या काठी बायांची पळायची शर्यत आहे आणि त्यासाठी आपण सौंसरहून जायचं, असं बायकोनं सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं, मग राग आला. मी तहसिलीत कारकून, ती मोहगावच्या शाळेत शिक्षिका. सकाळची बस सुटली की पदर खोचून मागं पळायची आणि बस थांबवायची, हे साऱ्या स्टँडला माहीत होतं. पण म्हणून शर्यत?

तिची बहीण आणि माझा साडू कोकणातल्या एका गावी राहत होते. बहिणीनं पत्र पाठवलं, साडूनं नाव नोंदवलं, आणि मला कळवलं तिकिटं निघाल्यावर!

"तीन किलोमीटर पळायले हजार किलोमीटर जायचं? डोकसं फिरलं का तुझं?"

"हाव, फिरलं," ती म्हणाली आणि संत्र्यांची टोपली बांधू लागली.

नागपूरपर्यंत बस, पुढं आगगाडी, मग पुन्हा बस. अख्ख्या रस्त्यानं मी कुरकुरत होतो. ऑफिसात कळलं तर लोक काय म्हणतील, ही एकच चिंता. शनिवारी दुपारी समुद्र दिसला. एवढं पाणी! आमच्याकडं बागेला विहीर पुरत नाही बाप्पा, आणि इथं हे नुसतं पडून होतं. मजा येऊन राहिली होती, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

रविवारी सकाळी झक्क ऊन पडलं होतं. ओहोटीनं ओली वाळू दूरवर उघडी पडलेली. बायको बहिणीचा सलवार-कमीज घालून अनवाणी पाय मोकळे करत होती. तिनं मला हजेरी द्यायला टेबलाशी पाठवलं. तिथं पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ वही घेऊन बसले होते.

"या बाई आल्यात का?" मी नाव सांगताच त्यांनी वहीत त्यावर बोट ठेवून विचारलं.

"माझीच बायको आहे जी. धावून राहिली."

"राहिली?"

"हाव, राहिली ना!"

"अरेरे," ते म्हणाले आणि लाल पेन्सिलीनं नावावर रेघ मारली. आमच्या ऑफिसात लाल पेन्सिल फक्त साहेबाच्या हातात असते, त्यामुळं मला वाटलं, काही मानाची खूण असेल. मी निवांत जाऊन सुरूच्या सावलीत बसलो.

थोड्या वेळानं नावं पुकारून छातीला लावायचे नंबर वाटले. सगळ्यांचे झाले, हिचं नाव काही आलं नाही. टेबलाशी जाऊन तिनं वही पाहिली आणि सरळ माझ्याकडं आली.

"तुम्हीच खोडलं ना?"

"मी? काहून खोडू?"

"आठवीत असताना माझ्या बापानं शाळेत जाऊन असंच नाव खोडलं होतं. मी जिल्ह्याले पळायले जाणार होती. तुम्हीबी तेच केलं."

आवाज अजिबात चढला नव्हता. डोळे मात्र भरले होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि हे मला पहिल्यांदा कळत होतं.

मी तरातरा टेबलाशी गेलो. "नाव काहून खोडलं?"

"तुम्हीच म्हणालात, राहिली म्हणून!"

"अहो, धावून राहिली!"

"तेच ना, धावायची राहिली!"

साडू पळत आला म्हणून बरं, नाहीतर तिथं हातघाईच झाली असती. "अहो, यांच्याकडं 'धावून राहिली' म्हणजे धावते आहे," त्यानं समजावलं. टोपीवाले गृहस्थ टोपी काढून हसू लागले. मग सगळं टेबल हसलं. बायकोही हसली, डोळे पुसत पुसत. त्या भल्या माणसानं नाव पुन्हा लिहिलं आणि माफी मागून नंबर दिला.

शिट्टी वाजली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठाकाठानं तिच्यासोबत पळत सुटलो. "पळ वं, पळ!" मासे वाळवणाऱ्या बाया माझ्याकडं बोट दाखवून खिदळत होत्या. दाखवा म्हटलं! शेवटच्या टप्प्यात तिनं कॉलेजच्या दोन पोरी मागं टाकल्या आणि तिसरी आली. बक्षिसाला स्टीलचा डबा मिळाला. दुपारभर ती येईल-जाईल त्याला सांगत होती, "तिसरी आली मी!" मग दोघी बहिणी पाण्यात शिरल्या त्या जेवायला हाका मारल्या तरी येईनात. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

परतीच्या गाडीत डबा मांडीवर घेऊन ती म्हणाली, "मी उगाच तुमच्यावर शक घेतला. तुमच्या मनात तसं येणारच नाही, मले समजाले पाहिजे होतं."

मी "हाव" म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. शनिवारी संध्याकाळी, ती पाण्यात पाय भिजवायला गेली असताना, मी साडूला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, तिला न कळता नाव काढता येतं का. तो नाही म्हणाला, म्हणून ते तिथंच थांबलं. हे मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही.