एका तासाची आश्लेषा

जानेवारीत नागपूरच्या विमानतळावर सगळे रडत होते आणि माझे सासरे डायरीत लिहीत होते, ‘शिकागो साडेअकरा तास मागे.’ मला म्हणाले, "आता मला घरबसल्या कळेल, तुम्ही जेवताय की झोपलाय." त्या घरात माझ्यावर माया करणारं तेवढं एकच माणूस.

उन्हाळ्यात इथे अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे करतात, हे तेव्हा आम्हालाच माहीत नव्हतं. डायरीत ते कुणी नंतरही लिहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी, एप्रिलात, शिकागोजवळच्या शॉमबर्गला ईशा झाली. सकाळी नऊ वीस. मंदारने, माझ्या नवऱ्याने, आईंना वेळ कळवली. सासूबाईंनी डायरी उघडली, साडेअकरा तास मिळवले आणि गुरुजींकडे गेल्या. आश्लेषा नक्षत्र निघालं. महिन्याभरात सासरे हार्ट अटॅकने गेले. "पोरगी आली आणि माझं घर बुडालं," हे त्या मला, ओल्या बाळंतिणीला, फोनवर म्हणाल्या.

नऊ महिन्यांची ईशा घेऊन मी नागपूरच्या दारात उभी राहिले, तेव्हा भाकरतुकडा ओवाळायला कुणी आलं नाही. "नक्षत्राची शांत केल्याशिवाय तिला आत आणू नका," सासूबाई आतूनच म्हणाल्या. आम्ही हॉटेलात उतरलो. नणंदबाई, तुम्ही मागे उभ्या राहून चपलांकडे बघत होतात. मी विसरलेले नाही.

या मार्चमध्ये मंदार मायक्रोवेव्हचं घड्याळ पुढे करत होता. "आता इंडिया साडेदहा तास पुढे," तो पुटपुटला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ईशाचा जन्म एप्रिलातला! बर्थ सर्टिफिकेट घेऊन मी इथल्या देवळातल्या गुरुजींना गाठलं. पुष्य नक्षत्र. अगदी उत्तम, म्हणाले.

मंदार नाचायचाच बाकी होता. "आईला फोन करू यार! पुढच्या फ्लाइटने येईल बघ."

"इज आजी कमिंग?" ईशाने विचारलं.

मी त्याला फोन करू दिला नाही. आज मीच लिहून कळवते आहे, तुम्हा सगळ्या नातेवाइकांना एकदमच. तिचं नक्षत्र पुष्य आहे हे वाचून ज्यांना आता तिची आठवण येईल, त्यांनी कृपा करून येऊ नये. सासरे असते तर पत्रिका न बघता तिला उचलून आत घेऊन गेले असते. ते गेले आणि माझं नागपूरचं घरही गेलं. आश्लेषेची असती तरी माझी पोर जिथे आत घेतली असती, तेच माझं घर. सध्या ते शॉमबर्गला आहे.