बंडूच्या टाकीला मुंबईत जागा नव्हती

संक्रांतीनंतरचा पहिला मंगळवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं.

त्या मिनिटाला माझ्या भावाच्या अर्जावर शिक्का पडला. उत्तर अजून आलेलं नाही.

भाऊ परवा गेला.

म्हणून लिहितेय. रागाने लिहितेय. रोजच्यासारखा फुलांचा फोटो बघायला इथे आलेल्यांनी पुढे सरकावं.

बंडू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. जन्म गिरगावातला. नोकरीसाठी कुडाळला गेला आणि तिथलाच झाला. जन्मभर पाण्याचे नमुने तपासले. विहिरीत काय झिरपतं, नदीत कोण काय सोडतं, हेच त्याचं काम.

रिटायर झाल्यावर एक जुनी स्कूलबस घेतली आणि स्वतःच्या हातांनी तिचं घर केलं. पलंग, शेगडी, खिडक्यांना पडदे. मागच्या बाजूला कमोड, कारण गुडघे गेले होते, उकिडवं बसता यायचं नाही. कमोडखाली सुटकेसएवढी टाकी, चाकांची. भरली की ओढत न्यायची, कुठल्याही संडासात ओतायची, धुवायची. संपलं.

मी त्या बसला उंडगी म्हणायचे. त्याने तेच नाव मागे रंगवून घेतलं.

यंदा जानेवारीत फोन आला. "ताई, उंडगी घेऊन येतोय. आठ दिवस, आठ जागा. रोज सकाळी तू यायचं, चहा मी करणार. शेवटचा गिरगावात. चौपाटीसमोर, दार समुद्राकडे उघडून."

पहिला चहा माझगावला झाला.

दुसरा शिवडीला, गोदामांच्या मागे. समोर चिखलात फ्लेमिंगो. चहात आलं इतकं की माझे कान गरम झाले.

तिसऱ्या दिवशी टाकी भरली.

लालबागच्या एका सार्वजनिक शौचालयात गेलो. दारावरचा माणूस म्हणाला, "माणूस आत जाऊ दे, टाकी नाय. साहेबांचं लेटर आणा."

आमचे अप्पा कारकून होते. घरात एकच शिकवण: मागायचं ते लेखी, आणि पोच घेऊन. दुसरा कोणी टाकी गटारात उलटी करून मोकळा झाला असता. माझ्या भावाने बसमध्ये बसून अर्ज लिहिला.

"विषय: फिरत्या घरातील शौचटाकी रिकामी करण्यास जागा मिळणेबाबत."

इस्त्रीचा शर्ट घालून तो एका कार्यालयात गेला. मी सोबत होते. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही. पोचपावतीवर आहे.

खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज दोनदा वाचला. "काका, असा अर्ज कधी आला नाय आमच्याकडे."

"मग हा पहिला समजा."

"पण टाकू कुठल्या खात्यात? घनकचरा म्हणावं तर हे घन नाय. ड्रेनेज म्हणावं तर तुमचं कनेक्शन नाय. तुमचं घर तर पळतंय!"

मागची दोन टेबलं हसली.

बंडूही हसला. म्हणाला, "घर पळतंय, पण टाकी भरलीय."

"अहो, मग समुद्र आहे की समोर! सगळ्या शहराचं तिकडेच जातं. तुमच्या एका टाकीने काय होणारेय?"

बंडूचं हसू गेलं. "मला पोच द्या," एवढंच म्हणाला.

शिक्का पडला. मग दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. तिथले साहेब साइटवर. तिथून आणखी एका इमारतीत. तिथे जेवणाची सुट्टी. ज्या शहराच्या पोटातून रोज एवढा मैला वाहतो, त्याला माझ्या भावाची एक सुटकेस जड झाली.

चार वाजता उंडगी दादरला, माझ्या बिल्डिंगखाली उभी राहिली.

इथून पुढचं लिहायला मला अख्खी रात्र लागली.

"ताई, तुझ्याकडे ओततो. पाच मिनिटं फक्त."

माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बायका यायला लागल्या होत्या. जिन्यात पैठण्या, हातात वाणाच्या पिशव्या. मी नन्सच्या शाळेत शिकलेली. तिथे या गोष्टीचं नाव काढत नसत, दोन बोटं वर करायची. आज नाव काढते, कारण त्या दिवशीही काढलं होतं.

"वेड लागलंय का तुला? या बायकांमधून गू घेऊन वर येणार? उद्या आण."

"उद्यापर्यंत थांबणारी गोष्ट नाही गं ती."

"मग ओत कुठेतरी गटारात. कोण बघतंय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तू पण?"

मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि वर निघून गेले.

तो त्याच संध्याकाळी परत फिरला. रात्री फोन केला. "झालं मोकळं. पनवेलच्या पुढे एक ढाबेवाला भेटला. संडास दाखवला, बादली दिली, वर चहा पाजला. अर्ज मागितला नाही."

"मग परत ये ना उद्या."

"आता नको. पुढच्या जानेवारीत येतो. सहा चहा बाकी आहेत, लक्षात ठेव."

पुढचा जानेवारी त्याच्यासाठी नाही. पोचपावती त्याच्या पाकिटात, मधल्या कप्प्यात घडी करून ठेवलेली सापडली. भाचीने कुडाळहून फोटो पाठवला. तारीख, वेळ, शिक्का, सगळं स्वच्छ वाचता येतंय.

बंडू, माझा नकार तोंडी होता. तो लेखी मागे घेते. सगळ्यांसमोर. त्या जिन्यातून तुला आधी वर घ्यायला हवं होतं, बायका थांबल्या असत्या. रविवारी सकाळी मी गिरगावात चहाचा थर्मास घेऊन बसणार आहे. आलं जास्त घालून. तुला निरोप तिथेच देईन.

आता त्या खिडकीला. हसलेल्या दोन टेबलांनाही.

"समुद्र आहे की समोर" हे तुमचं उत्तर असेल, तर तेच लिहून द्या. सहीनिशी, शिक्क्यानिशी, माझ्या भावाच्या नावाने. तो नाही म्हणून अर्ज निकाली काढायचा नाही. मी आहे.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. लेखी.