पन्नास नंबरवर कोण होतं?

भूतखेत, भास, चमत्कार यातलं मला काहीही पटत नाही. कुणी असलं सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. त्यात मी सिंगापूरमधल्या एका कंपनीत आयटी सपोर्टला... दिवसभर लोकांना "आधी बंद करा, मग परत चालू करा" सांगायचं, हेच काम. त्यामुळे हे मी लिहितेय याचा मलाच राग येतोय.

आम्ही वुडलँड्सला राहतो. नवरा सुहास जहाजावर इंजिनिअर आहे. गेल्या गणपतीत तो समुद्रावर होता. घरी मी आणि आमची चौदा वर्षांची ईरा. संध्याकाळी आरतीला मराठी मंडळी येणार होती. इथल्या आमच्या पोरांना देवनागरी धड वाचता येत नाही, म्हणून दरवर्षी आरत्या इंग्रजी अक्षरांत छापून हातात द्याव्या लागतात. दुपारी मोदकांची उकड झाकून ठेवली आणि लॅपटॉपवर प्रिंट दाबलं. ऑफलाइन!

प्रिंटरच्या स्वतःच्या स्क्रीनवर मात्र ठळक अक्षरांत "कनेक्टेड". परत दाबलं. राउटर बंद करून चालू केला. प्रिंटरचा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून नव्याने टाकला. ईराच्या लॅपटॉपवरून पाहिलं – तेच. ज्या कामाचा मी पगार घेते तेच घरी जमेना. तिकडे उकड गार होत होती. "मेल्या, आजच अवदसा आठवली का तुला?" मी प्रिंटरवर ओरडत होते.

शेवटी पिंग करून बघितलं. म्हणजे असं, की घरच्या वायफायवर प्रत्येक यंत्राला एक नंबर मिळतो. त्या नंबरला हाक मारायची. यंत्र जागेवर असेल तर ओ देतं. आमच्या प्रिंटरला सुहासने पन्नास हा नंबर कायमचा देऊन ठेवला होता. हाक मारली, लगेच ओ आली. मग छापत का नाहीस रे बाबा? वैतागून मी प्रिंटरची वायरच उपटली.

ओ येतच राहिली.

घाबरले वगैरे नाही हं. दोन यंत्रं एकाच नंबरवर बसली की असं होतं, ऑफिसात नेहमीचं आहे. पन्नासवर दुसरंच कुणीतरी येऊन बसलं होतं, एवढाच अर्थ. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. पन्नाससमोर लिहिलं होतं – सुहासचा फोन. सिग्नल पूर्ण.

सुहासचा फोन सुहासजवळ होता, आणि सुहास आफ्रिकेच्या पलीकडे, अटलांटिकमध्ये.

"जुनी नोंद राहिली असेल," मी ईराला म्हटलं. पण जुनी नोंद हाकेला ओ देत नाही, हे मला कळत होतं. तरी म्हटलं, मरू दे. नावाशेजारी ब्लॉकचं लाल बटण असतं. ते दाबलं की ते यंत्र आपल्या वायफायच्या बाहेर. नंबर मोकळा, प्रिंटर चालू. मी दाबणार तोच ईराने माझा हात धरला.

"आई, डोन्ट ला!" घाबरली की तिच्या तोंडून इथलं सिंगापुरी "ला" निघतंच. "बाबा आहे तो."

"अगं, बाबा कसा असेल? नुसतं नाव आहे."

"सो व्हॉट? बाबाला बाहेर नको ना काढू..." तिचे डोळे भरून आले होते.

सणाच्या दिवशी पोरीला कुठे रडवायचं, म्हणून हात मागे घेतला. वायर परत लावली आणि त्या पन्नास नंबरवाल्याला मोठमोठ्याने शिव्या देत मोदक वळायला बसले. शेवटचा मोदक होईपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता.

पाहुणे यायच्या जरा आधी प्रिंटर घुरघुरला आणि छापायला लागला. चिडून जितक्यांदा प्रिंट दाबलं होतं तितके गठ्ठे... कागद संपेपर्यंत! मी धावत जाऊन यादी पाहिली. सुहासचं नाव गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी जहाजावरून त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला. आदल्या दिवशी, त्यांच्याकडची सकाळ म्हणजे आपली दुपार, तो जहाजाच्या तळाशी एका रिकाम्या टाकीत तपासणीला उतरला होता. आत हवा कमी पडली, पायातलं बळ गेलं. वरच्यांना त्याला बाहेर काढायला बराच वेळ लागला.

"झोप लागली असती तर संपलं होतं गं," तो म्हणाला.

"मग जागा कसा राहिलास?"

"हसू नकोस. फोन नेऊ देत नाहीत, पण खिशात राहून गेला होता. उजेडासाठी काढला, तर स्क्रीनवर आपल्या घरचं वायफाय. फुल! त्या लोखंडी टाकीत! आणि तुझा आवाज येत होता. नुसती शिव्या देत होतीस कुणाला तरी. एवढ्या आरड्याओरड्यात झोप कशी लागणार?"

प्रिंटरबद्दल तोवर मी त्याला एक अक्षर सांगितलं नव्हतं. फोन हातात धरून मी ढसाढसा रडले.

हवा कमी पडली की भास होतात, असं सुहासच म्हणतो. ऑफिसातले नेटवर्कवाले म्हणतात, राउटर बिघडला असेल. असेलही. पण वायर उपटल्यावर मला ओ कुणी दिली, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. आणि त्या लाल बटणाबद्दल सुहासला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

प्रिंटरला आता दुसरा नंबर दिलाय, तरी अधूनमधून नखरे करतोच. पन्नास मात्र रिकामा ठेवलाय. सुहास जहाजावर असला की मी कधीतरी त्या नंबरला हाक मारून बघते. ओ आली नाही की निश्चिंत होऊन स्वयंपाकाला लागते.