नलूचा गळता डोळा

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार. बाभुळगाव. सकाळी धुके. दीपाला पाहायला मारेगावचे पाहुणे येऊन गेले. बैठक माझ्याकडेच होती.

दीपा माझ्या शेजारच्या नलूची मुलगी. नलूचा डावा डोळा लहानपणी कापसाच्या पऱ्हाटीची काडी लागून गेला. तिथे बसवलेला कृत्रिम डोळा इतका हुबेहूब आहे, की नवख्याला कळत नाही. पण वर्षभरापासून त्यातून पाणी वाहते. यवतमाळच्या डॉक्टरांनी कोपऱ्यातून मिठाचे पाणी सोडून पाहिले. ते घशात उतरायला हवे होते, पण उलटे गालावर आले. आसवांची वाट बुजली आहे, ऑपरेशन करावे लागेल, म्हणाले. तारीख पुढच्या महिन्यात मिळाली आणि पाहुणे त्याआधीच आले.

"आई, सांगून टाक ना," दीपा आदल्या दिवशी म्हणाली होती.

"लगन झाल्यावर सांगू. घराण्यातच खोट हाये म्हणतीन तर?"

म्हणून नलू दाराआड बसली. सतत पदराने गाल टिपत होती, तेही नाकाच्या दिशेने. उलटे पुसले तर डोळा सरकतो.

दीपाने पोहे दिले. मुलाच्या आई विमलताईंची नजर दाराकडे गेली आणि त्यांनी बशी खाली ठेवली.

"काहून रडून राह्यल्या, बाई? पोरीच्या मनात नसन तर आम्ही उठतो. जबरदस्तीची सून मले नाही पायजे."

नलूचा नवरा देवराव खालमानेने बसून राहिला. सांगायचे की नाही, हे नलूचे नलूने ठरवायचे होते. विमलताईंनी पिशवी उचलली तशी नलू बाहेर आली.

"मी रडत नाही, ताई. हा डोळा बसवलेला हाये. आतली नळी बुजली, म्हणून गळते. लहानपणी लागलं होतं. पोरीचे डोळे चांगले हायेत."

विमलताईंनी पिशवी खाली ठेवली. "मंग एकानंच दिसते?"

"एकानंच. पण तांदूळ निवडाले बसली का एक खडा नाही सुटत."

"माह्या दोन डोळ्यांनी रोज सुटते," विमलताई म्हणाल्या आणि सरकून त्यांनी तिला शेजारी जागा करून दिली. मग दीपाला विचारले, "तू सांग, पोरी. मनात हाये का?"

"हो," दीपा म्हणाली. इतक्या हळू, की देवरावने ऐकायला मान वर केली.

"मंग साखरपुडा ऑपरेशन झाल्यावर. पोरगी सासरी जाताना माय खरंच रडून राह्यली का नळी गळून राह्यली, हे आम्हाले कसं समजन?"

नलू हसली. हसता हसता दुसराही डोळा भरून आला. विमलताईंनी आपला रुमाल पुढे केला आणि नलूने दोन्ही गाल तसेच नाकाकडे पुसले.

संध्याकाळी गॅस संपला. भरलेले सिलिंडर लावले.