डोमाभाऊनं राखून ठेवलेला श्वास

डोमाभाऊ गेला, हे मला मंगळवारच्या बाजारात त्याच्या मेव्हण्यानं सांगितलं. मी कांदे घेत होतो. पिशवी तिथंच राहिली. तीन आठवडे झाले, पण माझा राग काही उतरत नाही, आणि त्यातला अर्धा माझ्या स्वतःवरच आहे.

डोमाभाऊ आमच्या गावचा ढिवर, तळ्यावर मासे धरणारा. जाळं बुडातल्या खुंटाला अडकलं की बुडी मारायचा, आणि वर यायला एवढा वेळ लावायचा की काठावर आमचाच जीव गुदमरायचा. वर आला की "हूऽऽ" करून उरलेला श्वास सोडायचा आणि मला चिडवायचा, "काऊन मास्तर, भेले का?"

सहा वर्षांपूर्वी चांद्याहून जीप आली आणि आमच्या शाळेत छातीचा दम मोजणारं पथक उतरलं. पाण्यात तरंगणारं पत्र्याचं पिंप, त्याला रबरी नळी. नळीत फुंकलं की पिंप वर चढायचं आणि कागदावर रेघ उमटायची. धडधाकट माणसांचा दम ठिकठिकाणी मोजून साऱ्या केंद्रांचे आकडे ताडून पाहायचे होते. वही लिहायला मी. डोमाभाऊनं फुंकलं, तर रेघ शेतकऱ्यांच्याही खाली! सगळ्याच ढिवरांचं तसंच. दुपारी त्याला विचारलं तर हसायला लागला. "पुरा दम कोन सोडते, मास्तर? शेवटचा दम वापस याले राखून ठेवाचा, हे बापानं लहानपनीच शिकवलं. सोडतो म्हटलं तरी निंगत नाई तो..."

मी धावत पथकाच्या साहेबांकडे गेलो. ते पेट्या बांधत होते. "मास्तर, बाकीची केंद्रं आकड्यांची वाट पाहताहेत. लिहा मुकाट्यानं." वहीत एक रकाना होता : 'श्वास पूर्ण सोडला?' मी एकेका नावापुढे 'होय' लिहीत गेलो. साहेबापुढे शेपूट घातलं, दुसरं काय! पुढे आकडे ताडले गेले आणि ठरलं, की इकडच्या ढिवरांचा दमच कमी. त्यांना तेवढा पुरे.

मग तळं दुसऱ्याच्या हाती गेलं आणि डोमाभाऊ कोळशाच्या खाणीत लागला. खोकल्यानं पार वाकला. खाली उतरणं सुटावं, वर हलकं काम मिळावं, म्हणून खाणीच्या डॉक्टरकडे गेला. तिथंही तसलंच पिंप. शेवटच्या भेटीत खाटेवर बसून, धापा टाकत सांगत होता, "मास्तर, यावेळी पुरा सोडला. काईच राखलं नाई. डोळ्यापुढं अंधारी आली. डॉक्टर कागद पाहून म्हनते, तुमच्या लोकायचा एवढाच राह्यते. जाय, कामाले लाग." म्हणजे धडधाकट असताना राखून फुंकलेला आकडा आणि छाती खलास झाल्यावर जीव ओतून फुंकलेला आकडा, दोन्ही सारखेच! अरे, कागदात डोकं घालण्याआधी त्याच्या छातीला कान तरी लावायचा होतास. घरघर दाराबाहेर ऐकू येत होती. पण मी कोणत्या तोंडानं बोलू? त्या रकान्याचं मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या वहीची प्रत शाळेच्या कपाटात आहे. परवा काढली. डोमाभाऊच्या नावापुढे, पोरांना कित्ता म्हणून द्यावा अशा माझ्या अक्षरात, 'होय'. खोडायला टाक उचलला... आणि तसाच खाली ठेवला. आता काय खोडू? आता त्यानं पूर्ण सोडला आहे.