पखवाजाची कणीक
भिजवलेल्या कणकेचा वास आला की बिदरचा तो कार्यक्रम आठवतो. भजन आणि कव्वाली एकाच मंचावर होती. आवाज घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापून मी चहाला गेलो. परतलो तर कव्वालीवाल्यांचा ढोलकवाला पखवाजापाशी बसलेला, बोटांना माझी कणीक. आमच्या भजनाचा विचका करायचा डाव, दुसरं काय! “हात कामून लावलास?” “अण्णा, पंख्यानं कणीक वाळायलती, पाणी लावलो.” मला काही ते पटलं न्हाई. सगळी खरवडून घाईघाईत नवी थापली, आणि पहिल्याच भजनात ती पंख्यानं वाळून, निसटून माझ्या मांडीवर पडली. पाण्याची वाटी घेऊन धावत आला तो तोच ढोलकवाला. आता कणकेला पाणी मीही लावतो. चहा मात्र तेव्हापासून पखवाजापाशीच मागवतो.