बाबांच्या खोलीतल्या फटी

आम्ही अलोऱ्याला धरणाच्या वसाहतीजवळ राहतो. कोकणात थंडी कुठली, असं म्हणणाऱ्यांनी पौषात इथे एक पहाट काढून बघावी; घाटावरून उतरणारं वारं हाडांत शिरतं. तरी आमच्या घरात हीटर पहिल्यांदा आला तो बाबांसाठी. डायलिसिस सुरू झाल्यापासून त्यांना सतत हुडहुडी भरायची. हीटर दिवसभर चालायचा. पहिलं वीजबिल मी त्यांच्यापासून लपवलं, पण त्यांना कळलंच.

"आधी फटी बुजव," ते म्हणाले. वीजघरात फिटर होते ते. पाइपांची गळती शोधण्यातच त्यांचा जन्म गेला होता. "उदबत्ती लाव आणि चौकटीच्या कडेने फिरव. धूर हलला की तिथे वारं."

मी उदबत्ती फिरवत गेले, ते पलंगावरून बघत राहिले. "थांब गो बाय, मागे घे. बघ, वाकला धूर!" किती महिन्यांनी त्या आवाजात जोर आला होता. खिडकीच्या काचांच्या कडेला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, दाराच्या कडेला फोमची पट्टी लावली, भिंतीत जुन्या वायरींची भोकं होती त्यांत चिंध्या कोंबल्या. संध्याकाळपर्यंत खोली उबदार झाली. पुढचं बिलही बरंच कमी आलं.

बाबांची थंडी मात्र गेली नाही.

दोन घोंगड्यांखाली ते कुडकुडायचे आणि म्हणायचे, "अजून कुठून तरी येतंय." मी घामाघूम होऊन पुन्हा उदबत्ती फिरवायची. धूर सरळ वर जायचा. त्यांनाही ते दिसत असणार. तरी ते माझ्याकडे बघत राहायचे. एकदा ते बघणं मला सोसेना. कपाटामागे वाकून मी म्हटलं, "सापडली बाबा, इथे आहे एक." आणि नसलेल्या फटीवर लांबी थापली.

"आता बरं वाटतं," ते म्हणाले. खरंच वाटलं, की माझं मन राखलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

माघात त्यांना चिपळूणला रुग्णालयात हलवलं. तिथे एसी चालू होता. बाकीच्या पेशंटांसाठी तो लागतोच, असं सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचंही खरंच होतं. मी माझी शाल बाबांच्या पायांवर घातली आणि दोन्ही पावलं हातांत धरून बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. पाय थंड पडले ते नेमके कधी, मला कळलं नाही. ते आधीपासून तसेच होते.